पिंडरीवरचा डाग

मोटारसायकलच्या इंजिनातून निघून खाली वळणारा आणि मागे सायलेन्सरला जाऊन मिळणारा जो पाइप असतो, त्याला आमच्याकडचे मिस्त्री बेंड म्हणतात. गाडी कितीही पुसा, बेंड कळकट असला की सगळी गाडी भिकारडी दिसते, असं माझं ठाम मत आहे. बायकोचं मत असं, की माणसाला एवढं मन लावून घासायचंच असेल तर घरात भांडी काही कमी नाहीत. तिला काय सांगणार? त्या गाडीवर बसून रोज चारचौघांत जातो तो मी.

मी राहतो बपेऱ्याच्या बाजूला एका लहान गावात आणि कामाला आहे तुमसरच्या एका राइस मिलमध्ये. आलेल्या धानाची पोती तपासून घेणं हे माझं काम. धानाच्या रोवणीच्या दिवसांत ट्रॅक्टर चिखलाच्या बांध्यांतून निघून सरळ डांबरी रस्त्यावर चढतात आणि चाकांचा सगळा गाळ सांडत जातात. तो उडून बेंडवर बसतो आणि तापल्या पाइपावर भाजून विटेसारखा घट्ट होतो. नुसत्या पाण्यानं जात नाही. आत ओल धरून बसतो आणि लोखंड खातो. दोन पावसाळे दुर्लक्ष केलं की पाइपाला भोक, मग गाडी फटफटत जाते आणि गावातली कुत्री मागे लागतात.

म्हणून पावसाळा सरला की एका सुटीच्या दिवशी मी बेंड घेऊन बसतो. मिस्त्रीकडे नेत नाही. मिस्त्री घाईत असतो, गरम पाइपावरच ब्रश फिरवतो आणि थोड्याच दिवसांत रंगाचे पापुद्रे निघून येतात. हे काम सवडीचं आहे. गाडी पूर्ण थंड होऊ द्यायची. ओलं फडकं गुंडाळून चिखल फुगू द्यायचा आणि लाकडाच्या चिपेनं खरवडायचा. तारेच्या ब्रशनं गंज काढायचा, मग रेगमालच्या खरखरीत कागदानं घासायचं, आतलं लोखंड उघडं होईपर्यंत. पेट्रोलच्या चिंधीनं पुसलं की पुढे बोटसुद्धा लावायचं नाही, कारण बोटाचा तेलकटपणा राहिला तर तिथं रंग धरत नाही. मग उष्णता सोसणारा चंदेरी रंग, पातळ हातानं. तो वाळला की गाडी सुरू करायची आणि पाइपाच्या उष्णतेवरच रंग भाजून घ्यायचा. थोडा वेळ चालू, थोडा वेळ बंद. पहिल्या खेपेला धूर निघतो, वास सुटतो. नवखा माणूस घाबरून गाडी बंद करतो. मी घाबरत नव्हतो.

त्या वर्षी हलका धान कापणीला आला होता तेव्हाची गोष्ट. सकाळचं ऊन अंगणात चांगलं पसरलं होतं. आई ओसरीत वालाच्या शेंगा सोलत होती, बायको चुलीपाशी होती आणि आमची चौथीतली पोरगी शेजारच्या पोरींबरोबर कुठेतरी हुंदडत होती. रंग वाळला होता. मी हाफ पँटवर गाडीवर बसलो, दोन्ही पाय खाली टेकवले, गाडी सुरू केली आणि हलक्या हातानं ॲक्सिलेटर देत राहिलो. धूर निघाला. वास सुटला. काय सुंदर रंग धरत होता! मी मान वाकडी करून पुढून बेंडकडे पाहत होतो आणि स्वतःवर भलताच खूश होतो.

बायको दारात आली. "अजी, कायचा वास येऊन राहिला?"

"रंगाचा."

"रंगाचा असा वास येते?"

"तुले काय समजते त्यातलं? भाजून राहिलो रंग. जाय, भाजी पाय आपली."

ती गेली नाही. नाकाला पदर लावून दोन पावलं पुढे आली, गाडीच्या उजव्या बाजूला आली आणि जी किंचाळली! "माय वो! टांग काढा! अजी, टांग काढा ना!"

मी खाली पाहिलं. माझ्या उजव्या पायाची पिंडरी आतल्या बाजूनं बेंडला टेकलेली होती. नुसती टेकलेली नव्हे, चिकटलेली. मी पाय ओढला तेव्हा कातडीचा तुकडा पाइपावरच राहिला आणि धुरायला लागला. पायावर लालभडक गाभा दिसत होता आणि त्याच्या कडेनं चंदेरी रंग लागला होता. आई शेंगा टाकून उठली. बायको पाण्याची बादली घेऊन धावत आली. त्या दोघी आरडाओरडा करत होत्या आणि मी गप्प उभा होतो, कारण मला काही दुखतच नव्हतं.

"काहून जी, समजलं नाई तुमाले?" बायको पायावर पाणी ओतत म्हणाली.

"रंगाकडे लक्ष होतं."

"लक्ष होतं म्हनून मानूस जळते?"

मी तिच्यावर खेकसलो. रागावलो की माझा आवाज वाढतो आणि प्रश्न विचारणारा गप्प बसतो, ही माझी जुनी सवय. ती रिकामी बादली उचलून आत गेली. पण तिचा प्रश्न माझ्या डोक्यात राहिला.

दुसऱ्या दिवशी कामाला जायच्या आधी मी बेंडवरचा तो काळा तुकडा खरवडला. माझीच कातडी मी लाकडाच्या चिपेनं खरवडत होतो. तिथं रेगमाल मारला, पुन्हा रंगाचा एक हात दिला.

आता डागाचं सांगतो. जिथं भाजलं तिथं आधीपासून एक डाग होता. फिकट, पांढुरका, पोरीच्या तळहाताएवढा. आमच्या भागात ज्याच्याकडे गाडी आहे त्याच्या उजव्या पायावर असा डाग असतोच. चालवताना, उतरताना, चिखलात गाडी ढकलताना कधीतरी चटका बसतो आणि ठप्पा राहतो. नवी गाडी घेतलेल्या माणसाला लोक विचारतात, "ठप्पा लागला का नाई अजून?" मलाही कधीतरी बसला असेल, असं मी धरून चाललो होतो. कधी बसला ते आठवत नव्हतं. पण अशा गोष्टी कोण लक्षात ठेवतो? आरोग्य खात्याची आशाताई घरोघर फिरून अंगावर कोणाला चट्टे आहेत का, विचारत आली होती, तेव्हा मीच पाय पुढे करून म्हणालो होतो, "हे पाय ताई, आमचं लायसन!" ती हसली, मी हसलो, आई हसली. चहा पिऊन ती पुढच्या घरी गेली.

मिलमध्ये पोती शिवायचं दाभण असतं. जाड, पुढे वाकलेलं, टोकदार. बेंड खरवडून गेलो त्या दिवशी जेवणाच्या सुटीत सगळे हमाल बाहेर कडुनिंबाखाली बसले होते. मी पोत्यांच्या थप्पीमागे गेलो, पँट वर केली, भाजल्यावर बांधलेली पट्टी सोडली आणि जखमेच्या बाजूला, जिथं डागाचा भाग न जळता उरला होता, तिथं दाभणाचं टोक टेकवलं. डोळे मिटले आणि दाबलं. काही नाही. अजून दाबलं. काही नाही. डोळे उघडले तर रक्ताचा थेंब आला होता. मग डागाच्या जरा बाहेर टोचलं तर अक्षरशः उडालो, तोंडातून शिवी निघाली. पुन्हा डागावर टोचलं. लाकडात टोचावं तसं.

मी पोत्याला टेकून खाली बसलो. बाहेर हमाल हसत होते, मिलचा पट्टा फिरत होता, आणि माझ्या मनात एकच शब्द आला. आमच्याकडे त्याला रक्तपिती म्हणतात. मोठ्यानं कोणी म्हणत नाही.

आई एक गोष्ट सांगायची. तिच्या माहेरी एका बाईला तो रोग झाला होता. तिला शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, खोपडी बांधून दिली होती. तिचा भात पळसाच्या पत्रावळीवर वाढून दुरून ठेवायचे, म्हणजे तिचं भांडं कोणाला घासावं लागू नये. तिची स्वतःची लेक रस्त्यानं जायची पण धुऱ्याकडे पाहायची नाही. ही गोष्ट आई कितीदा सांगायची आणि आम्ही "हो हो" करून जेवत राहायचो. आता मला त्या बाईपेक्षा तिची लेक जास्त आठवायला लागली.

घरी मी काही बोललो नाही. बोलणार काय? पोरगी नेहमीसारखी धावत आली आणि पायांना बिलगली. मी तिला झटक्यानं दूर केलं. ती पाहतच राहिली. बाप घरी आला की त्याच्या मांडीवर बसून दिवसभराच्या चहाड्या सांगायच्या, हा तिचा हक्काचा कार्यक्रम. त्या दिवसापासून मी तिला मांडीवर घेईना. तिला आजीजवळ झोपायला पाठवलं. माझं ताट मीच घासून वेगळं ठेवायला लागलो. बायकोच्या नजरेतून काय सुटतं? एका संध्याकाळी आई बुद्धवंदना करून उठली आणि बायकोनं मला अंगणात गाठलं.

"काय होऊन राहिलं तुमाले? लेकराले अशे ढकलून काहून देता?"

मी पुन्हा आवाज चढवायला गेलो, पण आवाजच निघाला नाही. मी तिला दाभणाचं सांगितलं. तो शब्द मी बोललो नाही, तिनंही विचारला नाही. तिनं एकदा गाडीकडे पाहिलं. मग म्हणाली, "उद्या सरकारी दवाखान्यात जाऊ. मी येतो संग." आमच्याकडे बायकाही कधीकधी असंच बोलतात.

दवाखान्यात डॉक्टरांनी पाय पाहिला, पाठ पाहिली, गुडघ्यामागची आणि कोपराजवळची नस बोटांनी चाचपली. डोळे मिटायला सांगून कापूस लावून पाहिला. मग त्यांनी शांतपणे रोगाचं नाव घेतलं, कागदांवरचं नाव, आमचं नव्हे. गोळ्या फुकट मिळतील, न चुकता घ्यायच्या, पूर्ण बरं होतं, गोळ्या सुरू झाल्या की तुमच्यापासून कोणाला धोका नाही, वेगळं ताट ठेवायची गरज नाही. ते खूप काही सांगत होते. माझ्या कानात मात्र शेवटचं एकच वाक्य शिरलं. "घरातल्या सगळ्यांची तपासणी करावी लागेल. लहान मूल आहे का घरात?"

परतताना बायको मागे बसली होती. गावाचा फाटा आला. मग माझ्या पाठीला तोंड लावून हळूच म्हणाली, "पोरीच्या पायावर बी डाग हाये."

मी गाडी थांबवली. हो, होता. उजव्याच पिंडरीवर. मी तिला पेट्रोलच्या टाकीवर पुढे बसवून बाजाराला नेत असे. गेल्या उन्हाळ्यात तुमसरच्या बाजारात ती उतरताना बेंडला पाय लागला होता आणि तो ठप्पा तेव्हाचा, असं आम्ही सगळे समजून होतो. म्हणजे मी तसं सांगत होतो आणि बाकीचे मानत होते.

"त्या दिवशी ती रडली होती का?" मी विचारलं.

"कोन्त्या दिवशी?"

"चटका लागला त्या दिवशी!"

"मी कुठं होतो बाजारात? तुमीच होते ना."

मीच होतो. आणि मला आठवेना. कुल्फीची काडी तिच्या हातात होती ते आठवत होतं. कांदे घेतले ते आठवत होतं. तिचं रडणं आठवत नव्हतं. बाजारात तिचा पाय भाजला आणि ती ओरडली, असं काही माझ्या डोळ्यांपुढे येईचना. मग तो डाग आम्ही पाहिला कधी? बायको म्हणाली, दुसऱ्या दिवशी आंघोळ घालताना. घरी येऊन आईला विचारलं तर ती म्हणाली, "रडली ना, लय रडली." मग म्हणाली, "का ते शेजारच्या पोरीचं होय?" मी पोरीलाच विचारलं. तिनं खांदे उडवले. "मले नाई मालूम."

ज्याला भाजलं ते कळत नाही, त्याला ते आठवणार तरी कसं? तपासणीचा दिवस येईपर्यंत मी चोरासारखा तिच्या पायाकडे पाहत होतो. ती अंगणात पळायची आणि मी डाग शोधायचो. वाढला का? कडा पसरल्या का? तिला काटा रुतला की मी धावत जाऊन विचारायचो, "कोणत्या पायात? दुखलं का?" दाभण मिलमधून आणावं आणि हिच्या पायाला लावून पाहावं, असंही मनात आलं. लेकराला दाभण! स्वतःचीच किळस वाटली. पण भीती इतकी होती की विचार पुन्हापुन्हा यायचा.

तपासणी गावच्याच उपकेंद्रात होती. कुष्ठरोगाचं काम पाहणारे एक वयस्कर साहेब आले होते, सोबत आशाताई. ती माझ्याकडे पाहीना, मीही तिच्याकडे पाहिलं नाही. आधी आईला तपासलं, मग बायकोला. दोघी ठीक होत्या. आई सुटकेचा श्वास टाकून बाकावर बसली.

मग पोरगी. साहेबांनी तिला स्टुलावर बसवलं आणि समजावलं, "डोळे मिटायचे. मी पेनाचं टोक लावीन. जिथं लागेल तिथं बोट ठेवायचं. खेळच आहे." पोरीनं दोन्ही डोळे गच्च मिटले. हातावर टोक लावलं. तिनं बरोबर बोट ठेवलं. गुडघ्यावर लावलं. बरोबर. घोट्यावर. बरोबर. साहेब "शाब्बास" म्हणाले आणि त्यांनी डागाच्या मधोमध टोक लावलं.

पोरगी हलली नाही.

साहेबांनी पुन्हा लावलं. जरा दाबून. तिचे हात मांडीवर तसेच. बायकोनं माझा दंड धरला आणि तिची नखं रुतली. मला धुरा दिसला, खोपडी दिसली, पण आत बसलेली बाई चौथीतली होती. साहेब तिसऱ्यांदा पेन पुढे नेत होते, शांतपणे, त्यांच्या कामाच्या रीतीनं. मला ते तिसऱ्यांदा पाहवलं नसतं. मी काय करतोय हे कळायच्या आत मी पुढे झेपावलो, खाली बसलो, पोरीच्या डागावरची कातडी दोन बोटांत धरली आणि सगळा जोर लावून चिमटा काढला.

काय किंचाळली ती! स्टुलावरून खालीच पडली. "आई वो! बाबानं चिमटा काढला!" तिनं मला लाथ मारली, त्याच पायानं, आणि भोकाड पसरलं. आई बाकावरून ओरडली, "मेल्या, लेकराले मारतं का?" साहेब चिडले. "अहो, काय करता तुम्ही? व्हा बाजूला!" आशाताईनं पोरीला उचललं.

"मग बोट काहून नाही ठेवलं?" मी ओरडलो. "लागत होतं त काहून नाही ठेवलं?"

ती हुंदके देत म्हणाली, "मले वाटलं, डागावर लागते म्हटलं त मले बी तुमच्यासारखी पट्टी बांधतीन, अन् मंग तुमी मले मांडीवर नाई घेनार."

साहेबांनी तिला पाणी पाजलं, पुन्हा स्टुलावर बसवलं आणि अगदी हलक्या हातानं कापूस लावला. आता ती प्रत्येक वेळी बोट ठेवत होती, डागावर, डागाच्या कडेला, सगळीकडे, रडतरडत. "भाजल्याचाच डाग आहे हा," साहेब म्हणाले. त्यांनी तिला एक गोळी दिली, घरातल्या सगळ्यांनाच खबरदारी म्हणून देतात तशी, आणि अधूनमधून दाखवत राहा म्हणाले.

घरी आल्यावर ती माझ्याशी बोलेना. आजीच्या मागे लपली. पिंडरीवर माझ्या बोटांचे लाल वळ उठले होते. मी ओसरीत बसलो आणि मांडीवर थाप मारली. ती बराच वेळ आली नाही. मग आली, पाठ करून बसली.

"लय दुखलं का व?" मी विचारलं.

"हाव."

"किती?"

"लय."

"अजून दुखून राहिलं?"

"हाव ना! किती डाव विचारता?"

मी पुन्हा विचारलं.